पहिली अल्ट्रा : पैसे कधी भरायचे, कधी थांबायचं

अल्ट्रामॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटरपेक्षा जास्त कुठलंही अंतर. पहिल्यांदा उतरणाऱ्यासाठी याचा व्यवहारातला अर्थ ५० किलोमीटर. तुमची एक मॅरेथॉन झाली असेल, तर तिथून पन्नासपर्यंत पोचायला सहा ते आठ महिने धरा. फक्त हाफ मॅरेथॉन झाली असेल तर आठ ते दहा. पुण्या-मुंबईतल्या नोकरदाराला काटकसरीने ४० ते ५० हजार रुपये लागतात. हात सैल सोडला तर लाखाचा आकडा सहज ओलांडतो. यात स्पर्धेचं प्रवेशशुल्क जेमतेम एक दशांश. बाकी पैसे बूट, तपासण्या, दुखणी आणि प्रवासावर जातात, आणि त्यातले बरेच केवळ चुकीच्या वेळी भरल्यामुळे वाया जातात.

ही चुकीची वेळ ओळखता येते. पहिल्या सहा-आठ आठवड्यांत वेग वाढतो, वजन उतरतं, झोप छान लागते. याच दिवसांत भारी घड्याळ घेतलं जातं, दोन-तीन स्पर्धांचे पैसे भरले जातात, हॉटेल बुक होतं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात पाय जड होतात, ओळखीचं दहा किलोमीटरचं अंतरही अंगावर येतं, कुठेतरी ठणका सुरू होतो. मग पावडरी, मसाज गन, दहा सेशनचं पॅकेज. चढत्या काळात हौस विकली जाते, उतरत्या काळात भीती. या दोन्ही वेळी खिशात हात घालू नका. खर्च टप्प्याने करा आणि एक टप्पा शरीराने पार केल्यावरच पुढचे पैसे काढा. खाली सगळं त्याच क्रमाने दिलं आहे. दर पुण्या-मुंबईचे, साधारण आहेत. लहान शहरांत तपासणी आणि फिजिओ स्वस्त पडतात, प्रवास महाग पडतो.

पहिला टप्पा : डॉक्टर आणि बूट

बूट घेण्याआधी डॉक्टर. वय पस्तिशीच्या पुढे असेल, घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल, रक्तदाब किंवा मधुमेह असेल, तर हे टाळू नका. नेहमीच्या डॉक्टरांकडे जा आणि मी ५० किलोमीटरची तयारी करतोय/करतेय असं स्पष्ट सांगा. ईसीजी २०० ते ५०० रुपयांत होतो. ट्रेडमिलवरची स्ट्रेस टेस्ट आणि टूडी इको प्रत्येकी दीड ते तीन हजार. सगळ्या तपासण्या सगळ्यांना लागत नाहीत, कोणत्या करायच्या ते डॉक्टरांना ठरवू द्या. लॅबच्या ‘रनर्स पॅकेज’ला तर नाहीच म्हणा. त्यात साठ-सत्तर घटक असतात, तुम्हाला उपयोगाचे चार-पाच: हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-१२, व्हिटॅमिन डी, साखर. एवढंच सुटं सांगितलं तर दोन ते साडेतीन हजारांत भागतं.

फेरिटिन वगळू नका, बायकांनी तर अजिबात नाही. हिमोग्लोबिन ठीक दिसत असतानाही शरीरातला लोहाचा साठा संपत आलेला असू शकतो, आणि तो दम कमी पडण्यातून, न जाणाऱ्या थकव्यातून दिसतो. लोक याला ट्रेनिंगचा थकवा समजतात आणि सप्लिमेंटवर पैसे घालत राहतात. धावणं वाढल्यावर पाळी अनियमित झाली किंवा थांबली, तर ते फिटनेसचं लक्षण समजू नका. खाणं कमी पडत असल्याचा तो इशारा असतो, स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा.

डॉक्टरांकडे गेलाच आहात तर तंदुरुस्तीच्या दाखल्याबद्दलही विचारून ठेवा. काही स्पर्धा तो मागतात. दाखल्यावर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक, शिक्का आणि तारीख हवी. बहुतेकांना शर्यतीच्या आधीच्या एक-दोन महिन्यांतलाच दाखला चालतो, त्यामुळे तो आता काढू नका. आयोजकांनी स्वतःचा नमुना दिला असेल तर त्याच कागदावर सही घ्या, नाहीतर बिब (छातीवर लावायचा धावपटूचा क्रमांक) घ्यायच्या रांगेत परत पाठवतात.

आता बूट. हिशेब सोपा आहे. २४ आठवडे, आठवड्याला सरासरी ५५ किलोमीटर म्हणजे १,३२० किलोमीटर. एक जोड साधारण ५०० ते ८०० किलोमीटर चालतो. म्हणजे दोन जोड लागणारच, वजन जास्त असेल तर तीन. एका जोडावर पंधरा-अठरा हजार घालण्यापेक्षा पाच ते सात हजारांचे दोन घ्या आणि आलटूनपालटून वापरा. पावसाळ्यात तर दुसऱ्या जोडाशिवाय गत्यंतर नसतं. भिजलेला बूट वर्तमानपत्र कोंबून ठेवला तरी वाळायला दोन दिवस घेतो.

दुकानात संध्याकाळी जा, तेव्हा पाऊल थोडं सुजलेलं असतं. धावायचे मोजे घालून जा. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. लांब उतारावर बोटं पुढे घसरतात आणि नेमक्या मापाच्या बुटात नखं काळी पडतात. मशीनवर पाऊल मोजून देणारी दुकानं आहेत, फुकट असेल तर मोजून घ्या, पण त्या चाचणीच्या जोरावर तीन-चार हजारांचे इनसोल गळ्यात मारले जातात, ते दुखणं नसताना घेऊ नका. गेल्या वर्षीचं मॉडेल मागा. तोच बूट तीस-चाळीस टक्के कमी किमतीत मिळतो. कार्बन प्लेटचे बूट पहिल्या अल्ट्रासाठी लागत नाहीत. बदलायची वेळ कशी ओळखायची? बूट टेबलावर ठेवा आणि डोळ्याच्या पातळीवर आणून मागून पाहा. टाच एका बाजूला कललेली दिसली, तळव्याच्या बाजूच्या फोमवर आडव्या सुरकुत्या पडून त्या उठत नसल्या, तर जोड संपला. खालचं रबर नवं दिसत असलं तरी.

पहिल्या टप्प्यात एवढंच. घड्याळ नको, बॅग नको, प्रवेशशुल्क नको. अंतर मोजायला फोन पुरतो.

कुठे आणि केव्हा

महाराष्ट्रातल्या धावणाऱ्याचं वर्ष साधारण असं लागतं: जूनमध्ये पाया, ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास सातारा हिल हाफ मॅरेथॉन, हिवाळ्यात एक पूर्ण मॅरेथॉन, फेब्रुवारीत अल्ट्रा. साताऱ्याची शर्यत २०१२पासून होते, यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला जाते आणि परत येते. चढ-उताराची परीक्षा घ्यायला तिच्यासारखी जागा नाही, पण नोंदणी फार लवकर भरते आणि त्या शनिवारी साताऱ्यात खोली मिळणं मुश्कील होतं. जागा हुकली तर हळहळू नका. ज्या रस्त्यावर शर्यत होते तो वर्षभर फुकट आहे.

एरवीच्या सरावाला पुण्यात वेताळ टेकडी आणि सिंहगडाचा चढ, मुंबईत बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान आणि सपाटीला मरीन ड्राइव्ह, कोल्हापुरात पन्हाळ्याचा रस्ता. जिथे वन विभागाचं शुल्क लागतं तिथे रोज तिकीट काढण्यापेक्षा सकाळच्या फिरणाऱ्यांचा पास आहे का ते खिडकीवर विचारा.

पहिल्या अल्ट्रासाठी तीन प्रकार समोर येतील. रस्त्यावरची, उदाहरणार्थ फेब्रुवारीतली लोणावळ्याची टाटा अल्ट्रा. तिथे ५० बरोबर ३५ किलोमीटरचाही पर्याय असतो, नवख्याला तो सोयीचा. दुसरी डोंगरातली, डिसेंबरात होणारी एसआरटी: सिंहगड, राजगड, तोरणा, ५३ किलोमीटर. ५३ आणि ५० यांत तीन किलोमीटरचा फरक आहे असं समजू नका. डोंगरात वेळ दीडपट-दुप्पट लागतो, आणि सोबत सक्तीचं सामान बाळगावं लागतं. तिसरी मैदानावरची ठरावीक तासांची शर्यत: बारा तासांत जेवढं होईल तेवढं. ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात सुरक्षित. थांबलात तर थांबलात, डॉक्टर शंभर मीटरवर असतो, घरी जायला रिक्षा मिळते. पहिल्या प्रयत्नासाठी माझं मत याच प्रकाराला आहे, भले फोटो तितके देखणे येत नसतील.

लडाखच्या खारदुंग ला चॅलेंजचे फोटो मात्र पाहणाऱ्याला ओढून घेतात. ७२ किलोमीटर, वाटेत साडेसतरा हजार फुटांच्या आसपासची खिंड. प्रवेशशुल्क पाहून निर्णय घेऊ नका. विरळ हवेची सवय व्हावी म्हणून बरेच दिवस आधी जाऊन राहावं लागतं. विमान, दोनेक आठवड्यांचा मुक्काम आणि तेवढी रजा हा तिथला खरा खर्च. आणि पहिली अल्ट्रा तिथे करायची नसते.

दुसरा टप्पा : प्रवेशशुल्क

देशातल्या ५० किलोमीटरच्या शर्यतींचं शुल्क ढोबळमानाने अडीच ते सहा हजार. भरायचं कधी? ३० ते ३२ किलोमीटरचा एक लाँग रन पुरा होऊन दुसऱ्या दिवशी सकाळी जिना न लंगडता उतरता आला की. त्याआधी नाही. ज्या शर्यती आधीच भरून जातात तिथे नाइलाज असतो. तिथे फक्त शुल्क भरा आणि ते पैसे गेले असं समजून चाला. हॉटेल आणि तिकीट मात्र रद्द करता येईल असंच घ्या.

पैसे भरण्याच्या पानावर घाई करू नका. सगळ्यात वर ३,५०० लिहिलेलं असतं. खाली जीएसटी १८ टक्के, म्हणजे ६३०. मग प्लॅटफॉर्म किंवा कन्व्हिनियन्स फी शे-दीडशे. मग ‘देणगी १०० रुपये’, आणि तिच्यापुढच्या चौकोनात आधीच टिक. मग टी-शर्ट, फोटो पॅकेज, पदकावर नाव कोरणं. ३,५००चे साडेचार-पाच हजार असे होतात. तुम्ही न मागितलेली देणगी किंवा वस्तू आधीच टिक करून बिलात घालणं याला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या नोव्हेंबर २०२३च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मनाई आहे. टिक काढा. काढता येत नसेल तर त्या पानाचा स्क्रीनशॉट घेऊन १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा.

पैसे भरण्याआधी चार ओळी नियमांत शोधा. परतावा: बहुतेक ठिकाणी नसतोच. पुढच्या वर्षावर ढकलणं: काही देतात, काही वेगळं शुल्क घेऊन देतात, आणि त्याची मुदत शर्यतीच्या बरीच आधी संपते. शर्यतच रद्द झाली तर काय: ‘अपरिहार्य कारणाने रद्द झाल्यास परतावा नाही’ एवढंच असेल तर आयोजकांना ईमेल करून लेखी विचारा. आणि बिब कधी, कुठे मिळणार. हा छुपा खर्च सगळ्यात जास्त लोकांना लागतो. शर्यत रविवारी, बिब शुक्रवारी-शनिवारी, तेही स्वतः ओळखपत्र घेऊन. बाहेरगावच्याला एक रजा आणि एक जादा मुक्काम. अधिकारपत्र आणि ओळखपत्राची प्रत देऊन मित्राला बिब घेता येतो का, हे आधी विचारा.

दुसऱ्याचा बिब स्वस्तात घेऊन धावू नका. शर्यतीच्या आठवड्यात गटागटांतून असे बिब फिरत असतात. नियमात बसत नाही ही एक गोष्ट, पण खरी अडचण पुढे आहे: बिबच्या मागे रक्तगट आणि घरच्यांचा फोन नंबर असतो. तुम्ही घाटात पडलात तर फोन भलत्याच घरी जाईल.

कोच आणि यंत्रं

ऑनलाइन कोच महिना दीड ते पाच हजार, मैदानावरचा गट एक ते तीन हजार. कोच लागतोच असं नाही. शहरोशहरी धावणाऱ्यांचे फुकट गट आहेत आणि तिथले जुने लोक मनापासून सांगतात. कोच घ्यायचाच तर महिन्याचे पैसे द्या, सहा महिन्यांचे एकदम देऊ नका. तीन प्रश्न विचारा. दुखापत झाली तर आराखडा बदलून देणार का, की तीच पीडीएफ? महिनाभर थांबावं लागलं तर फी पुढे ओढणार का? आणि तुमच्याकडून कितीजण अल्ट्रा पूर्ण करून पुन्हा धावायला लागले? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर फक्त पदकांच्या फोटोंनी दिलं तर दुसरा शोधा. प्रोटीन पावडर सुचवणाऱ्या कोचला ती कुणाकडून घ्यायची हेही विचारून पाहा. उत्तरात कोचचाच डिस्काउंट कोड आला, तर त्याची शिफारस काय किमतीची आहे ते कळेल.

घड्याळ १२ हजारांपासून ६० हजारांपर्यंत. आधीचं असेल तर जीपीएस चालू ठेवून बॅटरी किती तास टिकते ते बघा. तुम्हाला सात-आठ तास हवेत. टिकत असेल तर नवं नको. डोंगरातल्या शर्यतीसाठी पाण्याची व्हेस्ट (दोन ते चार हजारांत चांगली मिळते), हेडटॉर्च आणि शिट्टी लागते. ही व्हेस्ट शर्यतीआधी दोन महिने घ्या आणि भरलेल्या पाण्यासह तीन-चार वेळा लांब धावा. खांद्यापाशी, कॉलरबोनवर कुठे घासतं ते कोरड्या खोलीत घालून कळत नाही. पन्नास-साठ रुपयांची पेट्रोलियम जेलीची डबी मांड्या, काखा, बोटांच्या बेचक्यांत पुरते. ‘अँटी-चेफिंग स्टिक’ म्हणून तेच आठशेला विकतात. बायकांनी मात्र स्पोर्ट्स ब्रावर काटकसर करू नये. हजार ते तीन हजारांची चांगली ब्रा चार-पाच तास टिकते, स्वस्तातली दोन तासांत कातडी सोलते.

खाणं-पिणं : इथे खूप वाचतं

लांब धावताना तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. पन्नास किलोमीटरला तुम्हाला सात तास लागणार असं धरा आणि तासाला ४० ग्रॅम. एकूण २८० ग्रॅम. एका एनर्जी जेलमध्ये साधारण २५ ग्रॅम, म्हणजे अकरा जेल, १२० रुपयांनी १,३२० रुपये. सरावाच्या प्रत्येक लाँग रनला चार-पाच धरले तर सहा महिन्यांत आठ-दहा हजार नुसते जेलचे. तेच २८० ग्रॅम केळी, बिनबियांचा खजूर, राजगिऱ्याची चिक्की, मीठ लावलेले उकडलेले बटाटे यांतून दोनशे रुपयांच्या आत मिळतात. एक मध्यम केळं म्हणजे जवळपास एक जेल. मधला मार्ग असा: पहिले चार-पाच तास घरचं खाणं, शेवटी चावायचा कंटाळा येतो तेव्हासाठी दोन-तीन जेल. जे काही शर्यतीत खाणार ते सरावात खाऊन पाहिलेलं हवं. आयोजकांच्या टेबलावरची नवी वस्तू सहाव्या तासाला पोटात टाकणं म्हणजे उरलेलं अंतर झुडपांच्या आधाराने कापणं.

पाण्याबद्दल नीट वाचा, कारण इथे जिवाशी गाठ असते. कमी पाणी पिणं वाईट, तसंच तासन्‌तास नुसतं साधं पाणी ढोसत राहणंही वाईट. रक्तातलं सोडियम घसरतं. डोकं दुखतं, मळमळतं, बोटं सुजतात, माणूस बरळायला लागतो, आणि सोबतचे लोक त्याला आणखी पाणी पाजतात. तहान लागेल तसं प्या आणि मीठ चालू ठेवा. सरावात लाँग रनच्या आधी आणि नंतर वजन करा. धावून वजन वाढलं असेल तर तुम्ही गरजेपेक्षा जास्त पीत आहात.

मीठ म्हणून औषधाच्या दुकानातली, जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची ओआरएस पुडी पुरते. वीस-पंचवीस रुपये. पुडीवर ‘एक लिटरसाठी’ लिहिलेलं असतं, म्हणजे एक लिटरच. लहान बाटलीत सगळी पुडी ओतू नका. सूत्र पाठीमागे छापलेलं असतं: मीठ २.६ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५, ट्रायसोडियम सायट्रेट २.९, ग्लुकोज १३.५. फळांच्या चवीच्या गोड खोक्यांवर ‘ओआरएस’ छापून वर्षानुवर्षं विक्री चालली; ऑक्टोबर २०२५मध्ये एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने या सूत्रात न बसणाऱ्या पेयांवर तो शब्द वापरायला बंदी घातली. जुना माल किंवा मिळत्याजुळत्या नावाचं खोकं हातात आलं तर मागची बाजू वाचा. मधुमेह, रक्तदाब किंवा किडनीचा त्रास असेल तर हे सगळं डॉक्टरांना विचारूनच.

तिसरा टप्पा : दुखणं येईल तेव्हा

येईल. सहा महिन्यांत एकही आठवडा न चुकवता तयारी झाली असं क्वचित घडतं. म्हणून पाच-सहा हजार रुपये आधीच बाजूला ठेवा आणि त्याला फिजिओचे पैसे म्हणा. नाही लागले तर बूट घ्या.

आधी फुकटचा उपाय. सकाळी उठल्याबरोबरची नाडी नेहमीपेक्षा आठ-दहा ठोक्यांनी वर, झोप तुटक, घरच्यांवर विनाकारण चिडचिड: हे दोन-तीन दिवस सलग असेल तर तीन-चार दिवस पूर्ण विश्रांती. त्याने कमावलेली क्षमता जात नाही. या दिवसांत काहीही विकत घेऊ नका.

स्नायूचं दुखणं पसरट असतं, तापल्यावर हलकं होतं. हाडाचं दुखणं एका बोटाने दाखवता येतं. नडगीच्या आतल्या कडेवर किंवा पावलाच्या वरच्या बाजूला बोट दाबा. नेमक्या एका जागी कळ उठत असेल, रात्री झोपेतही ठणकत असेल, एका पायावर उडी मारवत नसेल, तर धावणं त्याच दिवशी थांबवा आणि अस्थिरोगतज्ज्ञांकडे जा. एक्स-रे तीनशे ते सहाशे रुपयांत होतो, पण स्ट्रेस फ्रॅक्चर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रेमध्ये बऱ्याचदा दिसत नाही. रिपोर्ट ‘नॉर्मल’ आला म्हणून पुन्हा धावायला लागून पायाचं वाटोळं करून घेणारे आमच्या गटात दर हंगामात एखादा तरी असतो. डॉक्टरांनी एमआरआय सांगितला तर पाच ते नऊ हजार. दोन-तीन केंद्रांत दर विचारा, फरक मोठा असतो.

फिजिओथेरपी एका भेटीला पाचशे ते बाराशे. पहिल्याच भेटीत दहा सेशनचं पॅकेज पुढे केलं जातं. दोन भेटींचे पैसे द्या. या दोन भेटींत तुम्हाला घरी करायचे व्यायाम मिळाले का, ते तुमच्याकडून करवून घेतले का, हे बघा. नुसती मशीन लावून वीस मिनिटं झोपवत असतील तर तिथे परत जाऊ नका.

वेदनाशामक गोळी खाऊन धावू नका. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या गोळ्या लांब धावताना किडनीवर ताण आणतात, आणि घाम गेलेला असताना तो ताण वाढतो. शर्यतीत कुणी प्रेमाने पुढे केली तरी नको. शर्यतीनंतर लघवी कोलासारखी काळपट झाली किंवा होईनाशी झाली, तर घरी पडून राहू नका, थेट रुग्णालय गाठा.

विम्याचं काय? नेहमीच्या आरोग्य विम्यात साहसी खेळांचं जे प्रमाणित वगळणं असतं, ते व्यावसायिक म्हणून भाग घेणाऱ्यांपुरतं असतं. हौशी धावणाऱ्याच्या दवाखान्यात भरती होण्याला ते लागू होत नाही. पण फिजिओ आणि बाह्यरुग्ण तपासण्या बहुतेक पॉलिसींत नसतात. वैयक्तिक अपघात विम्याचे शब्द वेगळे असतात, ते वाचा.

कॉम्रेड्सचं स्वप्न असेल तर

महाराष्ट्रातून दर वर्षी मोठा जथा कॉम्रेड्स धावायला दक्षिण आफ्रिकेला जातो, त्यामुळे हे विचारणारे भरपूर. १९२१पासूनची ही शर्यत डर्बन आणि पीटरमारित्झबर्ग या शहरांच्या दरम्यान, जवळपास नव्वद किलोमीटर, कधी चढाच्या दिशेने कधी उताराच्या. बारा तासांची मुदत बंदुकीच्या आवाजापासून मोजतात, तुम्ही सुरुवातीची रेघ ओलांडल्यापासून नाही. शर्यत जूनमध्ये, नोंदणी आधीच्या ऑक्टोबरात उघडते आणि अलीकडे पाहता पाहता भरते. त्याशिवाय एखादी मान्य मॅरेथॉन चार तास पन्नास मिनिटांच्या आत पूर्ण केल्याचा पुरावा लागतो. जानेवारीतली टाटा मुंबई मॅरेथॉन बरेचजण त्यासाठी धावतात. म्हणजे शुल्क आधी, पात्रता नंतर, असंही होतं. मॅरेथॉन पावणेपाच तासांत होत नसेल तर त्या वर्षी पैसे अडकवू नका.

एकूण अडीच ते तीन लाख धरा. व्हिसासाठी अर्ज व्हीएफएस केंद्रात. पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर किमान ३० दिवस, दोन कोरी पानं, बँकेचं तीन महिन्यांचं शिक्का मारलेलं स्टेटमेंट, नोंदणीची पावती. नकार आला तरी सेवाशुल्क परत मिळत नाही. किमान दोन महिने आधी अर्ज टाका.

तिकीट घेताना स्वस्त म्हणून अदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे घेतलंत, तर पीतज्वराच्या लशीचा प्रश्न येतो. त्या देशांतून येणाऱ्या, लशीचं प्रमाणपत्र नसलेल्या प्रवाशाला भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवता येतं. लस फक्त सरकारमान्य केंद्रांत मिळते, तारीख घ्यावी लागते, आणि प्रमाणपत्र टोचल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतं. ते आयुष्यभर चालतं. तिकिटातले वाचलेले पैसे या धावपळीत जात असतील तर आखाती मार्ग बरा.

टूर कंपनीचं पॅकेज घेतलं तर त्यावर टीसीएस (विक्रेत्याने आधीच गोळा करायचा कर) कापला जातो. तो खर्च नव्हे, विवरणपत्र भरताना वळता होतो. प्रमाणपत्र मागून घ्या आणि पॅनशी जुळतंय का बघा. कार्डाने परकी चलनात पैसे भरताना बँक दोन ते साडेतीन टक्के वर लावते, तीन लाखांत ते नऊ-दहा हजार होऊ शकतात. प्रवास विमा घेताना ‘मी ९० किलोमीटरच्या स्पर्धेत धावणार आहे, हे यात बसतं का’ असं कंपनीला ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा. फोनवरच्या ‘हो सर’ला दाव्याच्या वेळी किंमत नसते.

शर्यतीचा आठवडा

लोणावळ्यासारख्या ठिकाणी शर्यत अंधारात सुरू होते, म्हणून आदल्या रात्री मुक्काम लागतो. शनिवार-रविवारचे दर चढलेले असतात आणि काही हॉटेलं दोन रात्रींची सक्ती करतात. चौघांनी मिळून खोली घ्या, आणि सुरुवातीच्या जागेपर्यंत पहाटे वाहन कोण नेणार हे आदल्या दिवशीच ठरवा. त्या वेळी रिक्षा मिळत नाही. परतीला स्वतः गाडी चालवू नका. सात-आठ तास धावलेल्या माणसाचा पाय ब्रेकवर गोळा येऊन अडकतो. ड्रायव्हरचे दीड-दोन हजार खर्चात धरा किंवा घरच्या कुणाला बरोबर न्या. सोमवारची रजा आधीच टाका.

काटकसरीचा हिशेब एकत्र मांडला तर असा: दोन जोड बूट १२,०००, तपासण्या ३,५००, सहा महिन्यांचं जादा खाणं आणि ओआरएस ६,०००, सरावाच्या दोन शर्यती ४,०००, मुख्य प्रवेशशुल्क ४,५००, प्रवास-मुक्काम ५,०००, फिजिओसाठी राखीव ६,०००, किरकोळ ३,०००. एकूण ४४,०००.

आयोजकांनी जाहीर केलेल्या सोयी दिल्या नाहीत, पाणी संपलं, शर्यत रद्द करून पैसे ठेवून घेतले, तर आधी लेखी ईमेल, मग १९१५, मग जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे तक्रारीचं शुल्क नाही आणि वकील लागतोच असं नाही. पावती, नियमांच्या पानाचा स्क्रीनशॉट, ईमेल आणि बिबचा फोटो एवढं जपून ठेवा. नियमांचं पान पैसे भरताना साठवा, नंतर ते बदललेलं असतं.

फिनिशरच्या प्रमाणपत्राबरोबरच त्याच संध्याकाळी पुढच्या वर्षाच्या ‘अर्ली बर्ड’ सवलतीचा निरोप येईल, बहुधा ४८ तासांची मुदत घालून. सवलत पाच-सातशे रुपयांची असते. तीन आठवडे थांबा, पाय काय म्हणतात ते पाहा, मग पूर्ण दराने भरा.